शाईचे पेन लिहून बघून घेऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की सोलापुरात नवी पेठेतल्या आणि मधल्या मारुतीजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्यांबरोबर शाईच्या पेनांचीही विचारणा सुरू होते. काही शाळा पाचवीपासून शाईच्या पेनाचा आग्रह धरतात. वर्णनात्मक परीक्षेची तयारी करणारे, रोज पानेच्या पाने लिहिणारे तरुणही बॉलपेन सोडून शाईकडे वळू लागले आहेत. फार चांगली गोष्ट आहे ही. पण पेन मिळते बंद पाकिटात. गिऱ्हाईक रंग आणि टोपणाची चमक बघून पैसे देते आणि घरी गेल्यावर ते पेन एकतर अडखळते, नाहीतर गळते. महिन्या-दोन महिन्यांत ते खणात जाऊन पडते आणि शाईची पेने पूर्वीसारखी राहिली नाहीत, असे घरात ठरून जाते.

हे खरे नाही. दीड-दोनशे रुपयांच्या आसपास आजही रोजच्या लिहिण्याला चांगले पेन मिळते. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन पेनांत मात्र फरक असतो, कारण स्वस्त पेनाची निब एकेक तपासून बाहेर पडत नाही. ती तपासणी गिऱ्हाइकानेच करायची असते. म्हणून शहरातल्या दुकानदारांना विनंती आहे की शाईची एक उघडी बाटली, पाण्याची वाटी आणि सुती चिंधी काउंटरवर ठेवा आणि निब बुडवून चार ओळी लिहू द्या. निब नुसती बुडवल्याने पेन जुने होत नाही, पाण्यात खळबळून पुसले की पुन्हा कोरे.

लिहून बघताना काय बघायचे, ते आता सांगतो.

बॉलपेनातली शाई घट्ट असते. टोकावरची गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो, म्हणून बॉलपेनाने लिहून लिहून बोटे दुखतात. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही. निबेला मधोमध चीर असते आणि निबेखाली फीड, म्हणजे बारीक खाचांची काळी पट्टी, असते. टोक कागदाला टेकले की केशाकर्षणाने शाई चिरेतून उतरते आणि तिची जागा भरायला तेवढीच हवा फीडच्या खाचेतून आत जाते. शाई खाली, हवा वर, असा हा दुहेरी रस्ता आहे. हवा अडली की पेन दोन ओळी लिहून कोरडे पडते आणि हवा जास्त शिरली की टपकते. पेनाचे बहुतेक आजार या एका गोष्टीत येतात.

दुकानात पहिल्यांदा निब समोरून, टोकाकडून बघा. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असले तर उत्तम. चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत हवीत. एक वर आणि एक खाली असेल तर पेन एका दिशेने गुळगुळीत चालते आणि दुसऱ्या दिशेने कागद ओरखडते. चीर निबेच्या छिद्रापासून टोकाकडे हळूहळू निमुळती होत गेलेली असावी. टोकाशी फट उघडी दिसली तर शाई तिथपर्यंत पोचतच नाही. मग टोकावरचा मणी बघा. चांगल्या पोलादी निबेच्या टोकाला वेगळ्या कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. अगदी स्वस्तातल्या काही निबांना तो नसतो, पोलादच दुमडून गोल केलेले असते. ते चालते छान, पण लवकर झिजते. निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ असे कोरले आहे म्हणून विश्वास ठेवू नका, त्या अक्षरांवरून दर्जा कळत नाही.

आता बुडवा आणि लिहा. पेन अंदाजे ४५ अंशांत तिरके धरा, दाब अजिबात देऊ नका, पेनाच्या स्वतःच्या वजनावर चालू द्या. आधी आडव्या ८ च्या आकड्यासारखे सलग वळसे काढा, त्यात टोक सगळ्या दिशांनी फिरते. मग डावीकडून उजवीकडे लांब शिरोरेघा मारा. मग ‘क्ष’, ‘ळ’, ‘ष्ट्र’, ‘ज्ञ’ लिहा. शेवटी सुटे ठिपके द्या, अनुस्वार देतो तसे. ठिपक्यालाच शाई येत नसेल, टोक टेकवून किंचित हलवल्यावरच येत असेल, तर ते पेन मराठी लिहिताना रोज छळेल. आपल्या लिपीत हात सारखा उचलावा लागतो, अक्षर झाले की रेघ, रेघ झाली की मात्रा, मात्रेवर टिंब. इंग्रजी जोडून लिहिणाऱ्याला जो दोष जाणवणार नाही तो देवनागरीत प्रत्येक शब्दाला जाणवतो. बुडवलेल्या निबेवर शाई जास्त असते, म्हणून पहिल्या दोन ओळी सोडून द्या आणि नंतरच्या ओळींवरून मत बनवा.

जाडीचेही तसेच. निबेवर एफ, एम किंवा बी असे अक्षर असते. एफ बारीक, एम मध्यम, बी जाड, आणि ईएफ अतिबारीक. रोजच्या मराठी लिखाणाला एफ घ्यावी. वहीच्या ओळीत अक्षर, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, एवढे सगळे बसवायचे असते. एम निबेने ‘ष’ आणि ‘क्ष’ची पोटे भरून जातात आणि ‘कै’च्या दोन मात्रा एक होतात. जपानी कंपन्यांची एफ आपल्याकडच्या आणि युरोपीय एफपेक्षा बारीक असते, हेही ध्यानात ठेवावे. प्लॅटिनम कंपनीच्या प्रेपी पेनावर तर ०.३ आणि ०.५ असे मिलिमीटरचे आकडेच दिलेले असतात. ०.३ सुबक अक्षराला छान, पण खरखरीत कागदावर ती टोचते. मराठीला ०.५ सोयीची. डावखुऱ्या मुलाचा हात ओल्या अक्षरांवरून जातो, त्याला बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई द्यावी.

सुलेखनाची हौस असणारे कट निब, म्हणजे टोक तिरके कापलेली सपाट निब, मागतात. इथे एक सावधगिरी हवी. बोरूला देवनागरीसाठी देतात तो काप रोमन लिपीच्या कापाच्या उलट्या तिरकीचा असतो, कारण आपली जाड रेघ उजवीकडून डावीकडे खाली उतरते. इंग्रजीसाठी तिरकी कापलेली निब आणली तर जाड-बारीक नेमके उलट पडते. दुकानात ‘मराठीची कट निब’ असे स्पष्ट सांगूनच घ्या, आणि रोजच्या वहीसाठी ती वापरू नका.

शाई भरायची पद्धत कोणती असावी, हा सोलापुरात जास्तच महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण इथे ऊन आहे. तीन प्रकार सहज मिळतात. पहिला, ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची. दुसरा, शाई भरलेली तयार नळी म्हणजे कार्ट्रिज. तिसरा, पेनातच बसणारा शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर. ड्रॉपरचे पेन सगळ्यात साधे आणि त्यात शाईही खूप मावते, सहज २ ते ३ मिलिलिटर. परीक्षेला हे फार बरे वाटते. गडबड होते ती नळी अर्धी रिकामी झाल्यावर. हिशेब सोपा आहे. हवा १० अंश तापली की सुमारे ३ टक्के फुगते. ३ मिलिलिटरच्या नळीत १ मिलिलिटर शाई उरली असेल तर २ मिलिलिटर हवा आहे. वर्गातल्या पंख्याखालून उन्हात गेलात, किंवा नुसते हातात घट्ट धरून बसलात, तरी ती हवा ०.०६ मिलिलिटरने फुगू शकते. एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर शाई असते. म्हणजे एक अख्खा थेंब निबेतून बाहेर ढकलला जातो आणि तो वहीवर नाहीतर पांढऱ्या शर्टवर पडतो. कन्व्हर्टरमध्ये मुळात ०.८ मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. तो अर्धा रिकामा असला तरी फुगवटा थेंबाच्या चौथ्या हिश्शाएवढाच होतो आणि तेवढी शाई फीडच्या फणीसारख्या चिरा धरून ठेवतात.

म्हणून शाळकरी मुलासाठी कन्व्हर्टर किंवा कार्ट्रिजचे पेन घ्यावे. ड्रॉपरचेच हवे असेल तर निम्मी शाई उरली की पुन्हा पूर्ण भरावे, तळाला जाईपर्यंत थांबू नये. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पेन दुचाकीच्या डिकीत ठेवू नये, खिशात ठेवले तर निब वर हवी. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. व्हॅसलिन लावू नये, त्याने रबरी रिंग फुगते आणि सैल होते.

कार्ट्रिजच्या बाबतीत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, ही नळी सोलापुरात सुटी मिळते का? आखूड आंतरराष्ट्रीय मापाची कार्ट्रिज बऱ्याच पेनांना चालते. पार्कर, पायलट, प्लॅटिनम, लॅमी यांची मापे मात्र आपापली आहेत, एकाची दुसऱ्याला बसत नाही. पेन स्वस्त मिळाले आणि नळ्या पुण्याहून मागवाव्या लागल्या तर स्वस्ताई कसली? रिकामी कार्ट्रिज फेकू नका. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने, सुईचे टोक कानशीने बोथट करून, ती मोठ्या माणसाने पुन्हा भरून द्यावी. तोंड सैल होईपर्यंत बऱ्याच वेळा चालते. ६० मिलिलिटरच्या एका बाटलीत ०.८ मिलिलिटरच्या ७५ भरण्या होतात. एवढ्या कार्ट्रिज विकत घ्यायचा खर्च मांडून बघा, कन्व्हर्टरचे पैसे किती लवकर वसूल होतात ते कळेल.

टोपणाकडे चमकेसाठी नव्हे, हवाबंदपणासाठी बघा. आपली हवा कोरडी आहे. टोपणातून हवा जात असेल तर रात्रभरात निबेवरची शाई सुकते आणि सकाळी पहिला शब्द उमटत नाही. टोपणाच्या आत डोकावले की एक आतले छोटे टोपण दिसते, निबेभोवती घट्ट बसणारे. ते असावे. टोपणाला वर भोक असले तर बिचकू नका, लहान मुलाच्या घशात टोपण अडकले तरी श्वास चालावा म्हणून ते असते. आतले टोपण धड असेल तर शाई सुकत नाही. प्रेपीच्या टोपणात स्प्रिंगने दाबले जाणारे आतले टोपण आहे, त्यामुळे ते पेन महिनोन् महिने न वापरताही लगेच लिहिते. ज्याच्या हातून पेन चार-चार दिवस पडून राहते त्याने थोडे जास्त पैसे मोजून तसले घ्यावे. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, नुसते टोक बाहेर असलेली पेनेही उन्हाळ्यात उशिरा सुकतात, पण त्यांची पाती सरळ करणे अवघड, बिघडले तर घरी काही करता येत नाही.

वजन, क्लिप, रंग यांवर फार वेळ घालवू नका. पकडीच्या जागी आट्यांची धार बोटाला लागते का एवढे बघा आणि टोपण मागे लावल्यावर पेन मागे कलंडत नाही ना ते बघा.

सगळ्यात जास्त उपयोगाचा गुण म्हणजे निब बाहेर काढता येणे. बऱ्याच देशी पेनांत निब आणि फीड नुसते दाबून बसवलेले असतात. कानपूरच्या कानराइटसारख्या कंपन्यांच्या निबा सुट्याही मिळतात. निब पडून वाकली तर पेन टाकायची गरज नाही, निब बदला. दुकानदारांनी पेनांबरोबर सुट्या निबा आणि कन्व्हर्टर ठेवले तर गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याकडेच येईल. काढताना निब व फीड दोन्ही एकत्र रबराच्या तुकड्यात धरून सरळ ओढावे, पिळू नये. बसवताना चीर फीडच्या मधल्या खाचेवर बरोबर यायला हवी. जरा सरकली तरी पेन अडखळते. राजमहेंद्रीकडच्या आणि दक्षिणेतल्या काही हाती बनवलेल्या पेनांना एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, फीड असते. त्यात शाई छान मुरते आणि गरम पाण्यात धरून ते निबेला चिकटवून बसवता येते. प्लास्टिकच्या फीडला गरम पाणी दाखवू नये, ते वाकडे होते.

शाई कोणती? फाउंटन पेनासाठी म्हणून विकलेलीच. कॅमलची रॉयल ब्लू जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते, स्वस्त आहे, कपड्यावरून निघते. नवशिक्याला तीच द्यावी. कॅमल बनवणाऱ्या कॅम्लिनची १९३१ मधली सुरुवातच शाईची पूड आणि गोळ्या विकण्यापासून झाली. मात्र चेक, करारनामे, नोंदवह्या यांसाठी रॉयल ब्लू नको, पाण्याने पुसली जाते. तिथे परमनंट असे लिहिलेली काळी किंवा निळी-काळी वापरा. चित्रकलेची काळी ड्रॉइंग इंक पेनात कधीही भरू नका. तिच्यात लाखेसारखे पदार्थ असतात, वाळली की फीड कायमचे बुजते. स्टॅम्प पॅडची शाई आणि जेल रिफिलमधली शाई हीसुद्धा नको. दोन कंपन्यांच्या शाया मिसळू नका. काही आम्लधर्मी असतात, काही अल्कधर्मी, एकत्र आल्या की साका धरतो. उन्हाळ्यात उघडझाप करून बाटलीतली शाई दाट झाली तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे दोन-चार थेंब घाला. बोअरचे पाणी घालू नका, त्यातले क्षार शाईत आणि फीडमध्ये बसतात.

पेनाच्या नावाने खडे फोडण्याआधी कागदही बघावा. स्वस्त वह्यांचा कागद ५४ ते ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन) आसपास असतो, त्यावर शाई फुटते आणि मागच्या बाजूला उमटते. नुसते जीएसएम बघूनही भागत नाही. कागद तयार करताना त्याला शाई न शोषण्यासाठी जो लेप देतात, तो कमी असेल तर जाड कागदही फुटतो. दुकानातल्या नमुना वहीच्या शेवटच्या पानावर तीन शब्द लिहा, दहापर्यंत अंक मोजा आणि पान उलटा. मागे ठिपके दिसले तर ती वही शाईच्या पेनाला चालणार नाही. शाळांनी यादीत ‘शाईचे पेन’ एवढेच न लिहिता ‘बारीक निब, रॉयल ब्लू, शाई न फुटणारी वही’ असे लिहिले तर पालकांचे पैसे वाचतील. विशिष्ट मॉडेलची सक्ती तर नकोच, मुलाच्या बोटांना काय बसते ते मूलच सांगू शकते.

नवे पेन आणले की शाई भरण्याआधी धुवा. कारखान्यातले तेल फीडवर राहिलेले असते आणि नवे पेन अडखळण्याचे हे एक मोठे कारण आहे. कपभर साध्या पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाका, कन्व्हर्टरने ते पाणी आठ-दहा वेळा ओढा आणि सोडा, मग स्वच्छ पाण्याने तेवढ्याच वेळा. सुती कापडावर निब खाली करून रात्रभर ठेवा. सुती चिंधीला आपल्या गावात तोटा नाही, कागदी रुमालाचे तंतू मात्र चिरेत अडकतात. शाई भरताना निब पूर्ण बुडेल इतके पेन बाटलीत घाला, शाई ओढा, दोन-तीन थेंब परत सोडा, पेन उभे धरून उरलेले ओढा आणि निब पुसा. धुतल्यावर पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतू नये, बुरशी लागते.

एवढे करूनही अडखळत असेल तर पाती तपासा. खालचे पाते अंगठ्याच्या नखाने हलकेच वर उचलून दोन्ही सम करता येतात, एका वेळी केसभरच. निब काचेवर किंवा काडेपेटीवर घासण्याचा जुना उपाय करू नये, मणी झिजतो आणि निब कायमची बाद होते. थिनर, स्पिरिट, नखांचा रंग काढायचे द्रव्य यांनी प्लास्टिकला तडे जातात. शर्टवर डाग पडला तर आधी गार पाणी, मग साबण. गरम पाणी किंवा इस्त्री लागली की डाग पक्का होतो.

ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची, उत्तरपत्रिका असलेल्या परीक्षांना बॉलपेनच चालते, तिथे शाईचे पेन नेऊ नये. आणि मेच्या सुट्टीत मुलाचे पेन पडून राहणार असेल तर शाई भरून ठेवू नका. धुऊन, वाळवून, टोपण लावून ठेवा. शाई तशीच राहून सुकली असेल तर निबेकडचा भाग साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी निळे झाले की बदला, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. दोन-तीन रात्री लागतात, पण बहुतेक पेने परत चालू होतात.

आपला,
एक वाचक, सोलापूर